तीन दांड्यांची गाडी

दिवाळी अंकासाठी या खेपेस काहीतरी खुसखुशीत द्या, असा संपादकांचा निरोप आला त्या वेळी मी आमच्या जळगावच्या घराच्या अंगणात एका जीपगाडीखाली गोणपाट अंथरून उताणा पडलो होतो. हातात ग्रीसगन होती. चष्म्यावर काळ्या तेलाचा एक थेंब पडून तो सावकाश पसरत होता, आणि जे ग्रीस निपलात जायला हवे ते माझ्या मनगटावरून कोपराकडे निघाले होते. निरोप मुलीने वाचून दाखविला. मी खालूनच म्हटले, "लिहितो म्हणून कळव. मात्र खुसखुशीत होईल की तेलकट, ते सांगता येत नाही म्हणावे."

या सदराचे नेहमीचे वाचक मला ऱ्हस्वदीर्घाच्या आणि म्हणींच्या गोष्टी सांगणारा मराठीचा प्राध्यापक म्हणून ओळखतात. अशा माणसाने मोटारीवर लिहावे हे त्यांना अगोचरपणाचे वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. आमच्या घरी ही जीप मी आठ वर्षांचा असल्यापासून आहे. पण घरात वडिलांची देवपूजा असावी आणि मुलाने तिच्याकडे लांबूनच पाहावे, तसा माझा तिच्याशी संबंध होता.

गाडी १९६९ सालची. पुढचे कपाळ उंच, त्यामुळे चेहरा थोडा बावळट. या कपाळाला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात जी जीप जगभर धावली तिचे एंजिन ठेंगणे होते. पुढे विलिज कंपनीने १९५३ साली आपल्या जीपमध्ये 'हरिकेन' नावाचे नवे एंजिन बसविले. त्यात हवा आत घेणाऱ्या झडपा एंजिनच्या डोक्यावर गेल्या, एंजिन उंच झाले आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावे लागले. अमेरिकेत हे रूप १९६८ साली बंद झाले. आपल्याकडे मात्र ते पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर येत राहिले, कारण महिंद्र कंपनीने ते सोडले नाही. या कंपनीची मूळ पाटी 'महिंद्र आणि महंमद' अशी होती. १९४५ साली ती निघाली आणि १९४७ पासून मुंबईस जीपचे सुटे भाग आणून जोडू लागली. तेवढ्यात फाळणी झाली. भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली पाटीवर महंमदांच्या जागी दुसरे महिंद्र आले. नाव बदलले तरी आद्याक्षरे तीच राहिली, हा योगायोग मराठीच्या मास्तराला आवडल्यावाचून राहत नाही.

जीपचे आणि सरकारचे आपल्याकडे लग्नच लागले होते म्हणा ना. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, आणि खेड्यातल्या माणसाला सरकार म्हणजे काय ते दुरून दिसणाऱ्या धुळीच्या लोटावरून कळू लागले. लोट जवळ आला की त्यातून जीप निघायची, जीपमधून साहेब आणि साहेबांच्या मागून एक कारकून, काखेत दप्तर धरून.

आमचे नाना हे त्या दप्तराच्या मागचे गृहस्थ. धुळ्याला एका सरकारी खात्यात त्यांची सारी नोकरी झाली. १९८७ साली खात्याच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा त्यांनी ही जीप घेतली. त्या पैशांत नवी स्कूटर आली असती, आणि आईला ती स्कूटरच हवी होती. गाडी घरी आली ती स्वतःच्या पायांनी नव्हे, ट्रॅक्टरमागे दोराने बांधून. आईने दारातच विचारले, "ही चालते कशी?" नाना म्हणाले, "चालेल." त्यानंतर वर्षभर नाना कचेरीतून घरी येत आणि कपडे बदलून तिच्याखाली जात. आई तिला 'तुझ्या वडिलांची दुसरी नोकरी' म्हणे. मी मात्र माझ्यापुरती समजूत करून घेतली होती की वडील चिक्कू आहेत, स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि आता पैसे वसूल करीत आहेत. ही समजूत मी पुढे तीस वर्षे बाळगली.

आता ज्यांनी अशी गाडी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या मोटारीत एक गियरचा दांडा असतो. आमच्या जीपमध्ये एकूण तीन. मोठा नेहमीचा, त्याशेजारी दोन बुटके. बुटक्यांपैकी एक ओढला की एंजिनची शक्ती मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही जाते. दुसरा ओढला की चाके सुमारे अडीच पट सावकाश फिरू लागतात आणि त्याच प्रमाणात त्यांची ओढ वाढते. पहिला ओढल्याशिवाय दुसरा पडतच नाही, कारण अडीच पट ओढ एकट्या मागच्या कण्यावर आली तर तो मोडेल. म्हणून बनविणाऱ्याने आतच अडसर घालून ठेवला आहे. गाडी पुरती थांबल्याशिवाय मोठ्या दांड्याचा पहिला गियरही पडत नाही. घाई केलीत तर असा आवाज होतो की रस्त्यावरची माणसे वळून पाहतात. स्टीअरिंगला चार बोटे सैलपणा. ताशी पन्नासच्या आसपास पुढची चाके कधीकधी नाचू लागतात, आणि ती नाचली की आधी वेग कमी करायचा आणि मग घरी जाऊन किंगपिन आणि टायरॉडचे सांधे तपासायचे, हा क्रम. अशी ही बाई. (मराठीने तिला स्त्रीलिंग दिले, ट्रकला पुल्लिंग. यामागचा न्याय मला अजून सापडलेला नाही.)

पहिली चूक मी १९९९ साली केली. नुकताच वाहन चालविण्याचा परवाना मिळाला होता. जळगावला मामाकडे जाऊन परत धुळ्याला येताना एरंडोलपाशी पाऊस लागला. डांबरी रस्ता ओला झालेला. मी विचार केला की दोन चाकांपेक्षा चार चाके बरी, आणि बुटका दांडा ओढून पारोळा, मुकटी, फागणे करीत मोठ्या ऐटीत घरी आलो. वाटेत पाऊस थांबला, रस्ता कोरडा झाला, तरी दांडा तसाच. घरी आल्यावर तो परत ढकलू लागलो तर हलेना. गाडी वळणावर आखडल्यासारखी करीत होती हे मला जाणवले होते. मी ते टायरांवर ढकलले होते.

नानांनी ऐकून घेतले. मग अंगणातल्या धुळीत काडीने एक वळण काढले आणि म्हणाले, "हे बघ. वळताना पुढची चाके मोठ्या वाटेने जातात, मागची लहान वाटेने. म्हणजे पुढच्यांना जास्त फिरायला हवे. पण हा दांडा ओढलास की दोन्ही कणे आत एकमेकांना बांधले जातात. दोघांनी सारखेच फिरायचे. चिखलात चाक थोडे घसरते, हिशेब मिटतो. डांबरावर घसरणार कुठे? मग तो ताण आत साठत जातो. दोरी पिळावी तसा." एवढे बोलून ते गाडीत बसले, तिला पाच-सहा हात मागे घेतले, आणि दांडा खट्‌कन सुटला. पिळलेली दोरी उलटी फिरविली की सुटते, तसाच. पण व्हायचे ते नुकसान झाले होते. ट्रान्सफर उघडावा लागला.

उघडला तो मिस्तरींनी. धुळ्याला आग्रा रोडला लागून एका बोळात त्यांचे गॅरेज आहे. म्हणजे एक कडुनिंब, दोन पत्रे आणि खाली सांडलेल्या तेलाने शिसवीसारखी काळी चकचकीत झालेली जमीन. नानांनी जीपविषयी जे काही शिकून घेतले ते त्यांच्यापाशी. त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि नानांना अहिराणीत म्हणाले, "हाऊ हात मास्तरना शे, मिस्तरीना नई." नाना हसले. मला राग आला. त्या दिवसापासून मी जीपकडे फिरकलो नाही, आणि मास्तर मात्र झालो.

दुसरी चूक सांगितली नाही तर माझ्याबरोबर होते ते प्राध्यापक-मित्र सांगतील, म्हणून मीच सांगतो. दरम्यान नानांनी पुढच्या चाकांना हब बसवून घेतले होते. हे हब हाताने फिरवून बंद केले तरच पुढची चाके एंजिनला जोडली जातात. एरवी ती मोकळी फिरतात, पेट्रोल आणि झीज दोन्ही वाचतात. २०१४ च्या जुलैत नाना आजोळी गेले असताना मी जीप मागून घेतली आणि चौघे जण यावलकडे एका मित्राच्या केळीच्या शेतात गेलो. सातपुड्याच्या पायथ्याची ती काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा असतात, आणि दोन पाऊस झाले की तीच जमीन लोण्यासारखी होते. मित्र म्हणाले, गाडी बांधावरच ठेवू या. मी म्हटले, "ही चार चाकांनी ओढणारी आहे, महाराज!" आणि ऐटीत बुटका दांडा ओढून आत घातली.

वीस पावलांवर गाडी बसली. मागची चाके गरगर फिरून कण्यापर्यंत आत गेली. पुढची दोन, सत्कार समारंभातल्या पाहुण्यांसारखी, स्वस्थ. मी पुन्हा पुन्हा दांडा ओढतो, मित्र पुन्हा पुन्हा ढकलतात, चिखल त्यांच्या सदऱ्यांवर. हब मी बंदच केले नव्हते. ते आठवले तेव्हा ती चाके अर्धी चिखलात बुडाली होती आणि हबपर्यंत बोटही जात नव्हते. अखेर मित्राच्या सालदाराने बैलजोडी आणली. गाडी बाहेर निघाल्यावर तो माणूस अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "सर, चार चाकांनी निघाली नाही, आठ पायांनी निघाली."

नानांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच वाक्य ऐकविले. दांडा आणि हब रुतण्याच्या आधी लावायचे असतात, रुतल्यावर नव्हे. पुढे चिखल दिसला की थांबायचे, खाली उतरायचे, पायाने चाचपायचे आणि मग ठरवायचे. खोल पाण्यात जायचे तर आधी पंख्याचा पट्टा सैल करून काढायचा, म्हणजे पंखा पाणी उडवून डेल्को भिजवीत नाही. बाहेर आल्यावर ब्रेकवर थोडा पाय ठेवून शे-दोनशे पावले चालवायची, ड्रम सुकतात. घरी येऊन कण्याचे तेल थोडे काढून पाहायचे. दुधाळ दिसले तर आत पाणी गेले, त्याच दिवशी बदलायचे. हे त्यांचे शास्त्र. मी "हो, हो" म्हटले. कान देऊन ऐकले असते तर आज हा मजकूर जास्त भरीव झाला असता.

आता ज्या दिवसासाठी हे सारे सांगितले त्या दिवसाकडे येतो.

२०१८ चा मे महिना. नानांना मोतीबिंदू झाला होता आणि शस्त्रक्रिया जळगावला ठरली होती. मी भाड्याची मोटार ठरवू लागलो. नाना म्हणाले, जीपने जाऊ. पंचाहत्तरीच्या माणसाने, मे महिन्यात, कापडी टपाच्या गाडीतून नव्वद किलोमीटर! आईने समजावले, सौ.ने समजावले. नाना ऐकेनात. अखेर मी आदल्या संध्याकाळी जीप धुऊन पुसून तयार केली. सीटखाली एक जुने, कुबट वासाचे गोणपाटाचे पोते घडी करून ठेवलेले असे, आणि शेजारी पाण्याचा डबा. पोते मी उकिरड्यावर टाकले. डबा राहिला.

सकाळी निघायला उशीर झाला. पारोळा सोडले तेव्हा बारा वाजून गेले होते. खानदेशातल्या मे महिन्याच्या बाराचे वर्णन मी करीत नाही. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना गरज नाही, इतरांना खरे वाटणार नाही. दोन गचके बसले, एंजिन खोकले आणि बंद पडले. सेल्फ मारला, घर्र घर्र. पुन्हा मारला. बॉनेट उघडले तर आतून भट्टीसारखी वाफ आली. कार्ब्युरेटर, प्लग, डेल्को, जेवढी नावे ठाऊक होती तेवढ्यांकडे आळीपाळीने पाहिले.

"पोते भिजवून पंपावर टाक," नाना गाडीतूनच म्हणाले.

"कुठल्या पंपावर?"

"पेट्रोलच्या. डाव्या अंगाला, धुराच्या नळीजवळ."

मी म्हटले, पोते टाकून दिले. नाना काही बोलले नाहीत. खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी माझ्यापुढे धरले. ते भिजवून मी त्या वाटीएवढ्या पंपाला गुंडाळले, आणि आम्ही रस्त्याकडेच्या निंबाखाली जाऊन बसलो. त्यात बिघाड असा काही नव्हता. उन्हाने आणि धुराच्या नळीने पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला पेट्रोल ओढता येते, वाफ ओढता येत नाही. एंजिन उपाशी राहते. पंप निवला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. वीस मिनिटे लागतात. घाई केली तर बॅटरी तेवढी उतरते.

त्या वीस मिनिटांत नाना जे बोलले ते मी त्यांच्याच क्रमाने सांगतो.

१९७२ चा दुष्काळ. सातव्या-आठव्या इयत्तेच्या पुस्तकात आपण त्याच्याविषयी चार ओळी वाचतो. पाऊस गेला, पिके गेली, गावेच्या गावे सरकारी कामांवर खडी फोडायला, माती टाकायला आली. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि केंद्रांवर मिळणारी सुकडी यांच्यावर माणसांनी ते वर्ष काढले. नाना तेव्हा एकोणतीस-तीस वर्षांचे कनिष्ठ कारकून. १९७३ च्या मे महिन्यात साक्रीकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर मजुरांचा पगार वाटायला त्यांना पाठविले. पैशांची पेटी, हजेरीपट, एक शिपाई, ड्रायव्हर आणि जीप. वाटेत भर दुपारी जीप बंद पडली. ड्रायव्हर नवा, त्याला कारण कळेना. तो सेल्फ मारीत राहिला, बॅटरी उतरली, हँडल मारून मारून त्याच्या हाताला फोड आले. नाना झाडाच्या सावलीत पेटी मांडीवर घेऊन बसून राहिले.

"मला काही सुचलेच नाही रे," नाना म्हणाले. "मी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. कारकुनाचे ते काम नव्हे असे माझ्या डोक्यात."

उन्हे उतरली, हवा निवली तेव्हा जीप हँडलवर आपोआप सुरू झाली. कामावर पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. आठवड्याचा पगार होता. माणसे दुपारपासून रांगेत बसून होती. कोणी उठून गेले नव्हते. दिवा नव्हता, जीपच्या दिव्यांच्या उजेडात नानांनी नावे पुकारली आणि अंगठे घेतले. कोणी रागावून बोलले नाही. फक्त एक बाई पैसे हातात घेऊन तिथेच उभी राहिली. नानांनी विचारले, कमी पडले का? ती म्हणाली, "नाही साहेब, बरोबर आहेत. पण दुकान बंद झाले." तिच्या पाठीशी दोन पोरे झोपली होती. मग नानांच्या ध्यानात आले की रांगेतल्या सगळ्यांचेच दुकान बंद झाले आहे.

"दुसऱ्या दिवशी मी मिस्तरीच्या बापाकडे गेलो," नाना म्हणाले. तेव्हा गॅरेज आताच्या मिस्तरींच्या वडिलांचे होते. "विचारले, गाडी का बंद पडली? तो म्हणाला, ओले पोते टाकायचे, बस्स. एक पोते!"

मी विचारले, "ती जीप कोणती?"

नानांनी समोर हात केला. उन्हात बॉनेट वर करून, पंपाला उपरणे गुंडाळून उभी होती ती.

पंप निवला होता. पहिल्या सेल्फला एंजिन लागले. एरंडोल येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही, आणि पुढे गिरणेच्या पुलावर नाना एवढेच म्हणाले की नदीला पाणी नाही. शस्त्रक्रिया नीट झाली.

२०२२ च्या डिसेंबरात नाना गेले. जीप धुळ्याच्या वाड्यात पत्र्याखाली उभी होती, आणि तिच्या नोंदणीची मुदत पुढच्या वर्षी संपणार होती. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. गाडी पासिंगला न्यावी लागते, पर्यावरणाचा कर भरावा लागतो. आणि नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते. पैसा हा एक भाग झाला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने जुन्या रबराचे पडदे आणि नळ्या मऊ पडतात. पंपातला पडदा, नळ्या, सारे नव्या जातीचे घालणे आले. मिस्तरींची सत्तरी उलटली आहे, त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. अशा वेळी पुण्याहून एक शौकीन गृहस्थ आले. फार सभ्य. जीपभोवती दोनदा फिरले, बॉनेटवर हात ठेवला, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून सौ.ने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर आहे, मला साधा पंक्चर काढता येत नाही, गाडी लिटरला आठ किलोमीटरही देत नाही. नानांसाठी ठेवायची तर नाना कुठे आहेत?

मी त्या गृहस्थांना विचारले, तुम्ही हिचे काय कराल? ते म्हणाले, हिरवी लष्करी रंगवीन, बॉनेटवर पांढरा तारा काढीन, प्रदर्शनाला ठेवीन. यात वावगे काहीच नाही. तसे केले म्हणूनच पुष्कळ जुन्या गाड्या आज शाबूत आहेत. पण ही जीप लढाईवर कधी गेली नव्हती. ती पगार वाटायला गेली होती, आणि उशिरा पोहोचली होती. त्यांना मी ती हकीकत सांगितली नाही. सांगितली असती तरी त्यांनी तारा काढलाच असता, आणि तो त्यांचा हक्क. मी आठ दिवस मागून घेतले.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात वाचले की १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या भंगारात काढायच्या. नियम योग्य असेल. शहरातल्या हवेसाठी तो हवाच. माझ्या मनात एवढेच आले की कचेरीतल्या जुन्या गाडीचा लिलाव व्हावा आणि एखाद्या कारकुनाने ती ट्रॅक्टरमागे बांधून घरी न्यावी, हा रस्ता आता बंद झाला.

आठ दिवसांनी मी पुण्याला नकार कळविला. सौ. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "निदान तिच्याखाली जाताना जुना लेंगा घालत जा."

मग मिस्तरी जळगावला एसटीने आले आणि आमच्या ओट्यावर मुक्कामाला राहिले. त्यांचे हात आता कापतात. पाना ते धरतात, फिरवायला मी. आमची मुलगी कंदील, म्हणजे मोबाइलचा दिवा, धरून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तिने तो दिवा माझ्या हातात दिला आणि स्वतः खाली गेली. डेल्कोतले पॉइंट घासून त्यांच्यातले अंतर पत्तीने मोजायला ती एका बैठकीत शिकली. मला अजून दोन लागतात. पाट्यांचे बुश, चारही ड्रम, पंपाचा पडदा, नळ्या, हॉर्न. पाच दिवस काम चालले. सहाव्या दिवशी मिस्तरींनी आमच्या शेजारच्या किराणा दुकानातून गव्हाचे एक रिकामे पोते मागून आणले, घडी केली आणि सीटखाली ठेवले. मी त्यांना काही सांगितले नव्हते. त्यांच्या वडिलांनी ते सांगून ठेवले असावे.

पासिंगचा दिवस मेचाच निघाला. ओळीत आमच्या पुढे दोन काळीपिवळ्या आणि एक शाळेची बस. मुलगी चालवायला बसली होती, मी शेजारी. निरीक्षकांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवायला लावला, ब्रेक पाहिला, चासीवरचा नंबर फडक्याने पुसून वाचला. मग आत डोकावून त्यांनी विचारले, "हे तीन दांडे कसले?" मुलीने सांगितले. सीटखाली वाकून त्यांनी पोत्याला हात लावला. ते ओले होते. निघतानाच भिजवून घेतले होते.

"आणि हे?"

"पंप तापतो, सर," मुलगी म्हणाली. "त्याच्यावर टाकायला."

त्यांनी मान हलविली आणि कागदावर सही केली. आता नोंदणी २०२८ पर्यंत आहे. पुढच्या महिन्यात पुढच्या शाफ्टचे क्रॉस बदलायचे आहेत. मिस्तरी म्हणतात, सध्याचे फार दिवस निघणार नाहीत.